पुलावर एका वेळी एक गाडी

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि वेलांटी पहिली की दुसरी हे मला आजही कळत नाही. विचारायची लाज वाटते म्हणून मी अंदाजानेच देते. चौथीची परीक्षा झाली आणि बाबांनी शाळेतून काढलं. त्यानंतर पेन हातात आलं ते मच्छीमार सोसायटीच्या कागदावर सही करण्यापुरतं. हे लिहिलेलं कुणाच्या हाती लागलंच, तर चुका पोटात घालाव्या आणि वही होती तिथं, तांदळाच्या कोठीमागे, परत ठेवून द्यावी. मोठ्याने वाचू नये. मी घरात असले तर मला मेल्याहून मेल्यासारखं होईल.

परवा नातीला घेऊन नदीकडे गेले होते. तिथं जुना लोखंडी पूल उभा आहे. त्याच्या दोन्ही टोकांना आता झाडी माजली आहे. रस्ता त्याच्याकडे येत नाही आणि त्याच्यापासून कुठे जातही नाही. नातीने विचारलं, "आजी, हा पूल कोणासाठी बांधला?" मी म्हटलं, "गाडीसाठी." ती म्हणाली, "कोणती गाडी?" आणि मला हसू फुटलं, कारण त्या पुलावर हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणी विचारला होता ते आठवलं. तिला काही सांगता आलं नाही. बोलताना माझं असंच होतं. म्हणून लिहिते.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि आमचं गाव चांद्याकडेच राहिलं होतं. आम्ही ढिवर. गावाच्या तलावात आमच्या घरची मासेमारी. मासे विकायचे तर नदीपलीकडच्या बाजारात, कारण गोंडपिपरीची एसटी तिथूनच सुटायची, दवाखाना तिथं, पाचवीच्या पुढची शाळाही तिथं. नदी फार रुंद नाही, पण खडकाळ आणि खोल. पावसाळ्यात तिच्यात डोंगा घालायची कुणाची छाती नव्हती. एरवी डोंग्याचा घाट होता तो पार खालच्या अंगाला, जाऊन येईपर्यंत अर्धा दिवस जायचा. म्हणून सगळं गाव पुलावरून जायचं. पूल मुळात आगगाडीचा, पण त्यावर रूळ उरले नव्हते. दोन लोखंडी तुळया होत्या आणि त्यांच्यावर गावाने टाकलेल्या सागाच्या फळ्या, एक माणूस टोपली घेऊन जाईल एवढ्याच रुंदीच्या.

पहिल्या दिवशी डोक्यावर माशांची टोपली घेऊन मी पुलाशी पोहोचले तर एका म्हाताऱ्याने आडवा हात केला. अंगात खाकी कोट, खाली धोतर, गळ्यात शिट्टी, बगलेत दोन झेंडे.

"कोणती गाडी?" त्यांनी विचारलं.

मी खाली बघत उभी.

"कुठून निघाली, कुठी जाते, माल काय?"

मी नवी नवरी. गावातल्या माणसांसमोर तोंड उघडायचं नाही हे शिकवून पाठवलेली. माझ्यामागे बायका येऊन थांबल्या. त्यांतली सखुबाई नावाची म्हातारी म्हणाली, "सोड न गा तिले. ढिवराची सून हाये. मासे हाये टोपलीत. वास नाई येत काय तुले?"

"वास मले येते," ते म्हणाले. "पण बिननावाची गाडी लाईनवर सोडता येत नाई. उद्या काई झालं तं मी वर काय कळवू?"

वर म्हणजे कुठे, हे कुणालाच माहीत नव्हतं. लाईन बंद होऊन वर्षं लोटली होती.

सगळं गाव त्यांना गार्डभाऊ म्हणायचं. ते कधीच गार्ड नव्हते. लाईन चालू असताना ते इंजिनावर लाकडं टाकणारे खलाशी होते, आणि शेवटी शेवटी पुलाचे पहारेकरी. लाईन बंद झाली तेव्हा एक साहेब येऊन त्यांना सांगून गेला की तुझा बदली माणूस येईपर्यंत पुलावर लक्ष ठेव. मग ऑफिसच बंद झालं. त्यांच्या फंडाचे पैसे त्यांना मिळाले, पण बदली माणूस आला नाही. कुणी म्हटलं, "गार्डभाऊ, आता कायची नौकरी?" तर ते म्हणायचे, "माझा बदली आला नाई न अजून. ड्युटी टाकून कसा जाऊ?" एवढं बोलून नदीकडे कान द्यायचे. बोलता बोलता मधेच थांबून कान देण्याची त्यांना सवय होती. जेवायलाही ते पुलाकडे तोंड करून बसायचे. पुलाच्या आमच्याकडच्या टोकाला त्यांची झोपडी होती, आत एक खाट, चूल आणि बुद्धाची तसबीर. बायको फार पूर्वी गेलेली. मुलगा बल्लारपूरला नोकरीला.

त्यांचा नियम असा होता. लाकडाचा हातभर लांबीचा एक दांडा होता, डोक्याला पितळ बसवलेला. एकेरी लाईनवर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून जुन्या काळी ज्या ड्रायव्हरच्या हातात दांडा असेल त्यानेच गाडी हाकायची. दांडा एकच, म्हणून गाडीही एकच. गार्डभाऊंनी तोच कायदा माणसांना लावला. पुलावर जायचं तर दांडा हातात घ्यायचा, पलीकडे गेलं की खांबावरच्या खुंटीला अडकवायचा. पलीकडून येणाऱ्याने खुंटीवर दांडा असेल तरच पाय टाकायचा. नसेल तर ओरडायचं, मग गार्डभाऊ इकडून दांडा पाठवायचे. कुणी जाणारं नसलं तर स्वतः घेऊन जायचे, आणि त्या माणसाच्या मागे मागे परत यायचे. पाच-सहा जण एकाच दिशेने निघाले तर पुढच्यांना एकेक पळसाचं पान मिळायचं आणि शेवटच्याला दांडा. पानं पलीकडे नदीत सोडायची.

वेडेपणा वाटेल, पण त्याआधी एकदा भारे घेतलेल्या दोघी बायका मधोमध समोरासमोर आल्या होत्या. ना वळता येई ना मागे सरता येई. शेवटी एकीने सरपणाचा भारा नदीत टाकला तेव्हा सुटका झाली. दोघी जावा होत्या. कुणी टाकायचा यावरून पुढे बरीच वर्षं त्या घरात बोलणं नव्हतं.

प्रत्येकाची गाडी ठरलेली होती. भारेवाल्या बायका मालगाडी. शाळेची पोरं पॅसेंजर. पोटुशी बाई म्हणजे मेल, तिला थांबवायचं नाही, बाकी सगळ्यांनी बाजूला व्हायचं. तलाठी आला की इन्स्पेक्शन, तेव्हा ते कोटाची बटणं लावायचे. शेळ्या नेणाऱ्या पोराला म्हणायचे, "ढोरांची गाडी फुकट जाईन, पण शेवटच्या शेळीच्या गयात पान बांध." आणि शेळी ते पान खाऊन टाकायची. यावर त्यांच्याकडे कायदा नव्हता.

मला बोलता येत नाही हे त्यांना दोन-तीन बाजारांत कळलं. झोपडीपुढच्या मोहाच्या झाडाला रुळाचा एक तुकडा टांगला होता, ठोकायला. ते एकदा माझ्याकडे न बघता, आभाळाकडे बघत म्हणाले, "काई गाड्या शिट्टी देत नाई. अशा गाडीनं घंटी ठोकली तरी चालते." तेव्हापासून मी एक ठोका द्यायची, की ते ओरडायचे, "मासे पॅसेंजर, लाईन किलिअर." हिरवा झेंडा दाखवायचे. खरं म्हणजे उन्हापावसाने हिरवा झेंडा पांढरा पडला होता आणि तांबडाही जवळजवळ तसाच. उजव्या हातातला तो हिरवा, एवढं लक्षात ठेवावं लागे. नव्या माणसाला ते कळायचं नाही. तो थांबायचा तेव्हा शिट्टी, आणि निघायचा तेव्हाही शिट्टी.

लाईनची गोष्ट ते कुणालाही सांगायचे, फक्त पुलावर कुणी नसलं पाहिजे. साहेबाच्या काळात वरच्या डोंगरातलं सागवान काढायला ही बारकी लाईन टाकली. पुलाच्या खांबांवर त्यांचे वडील दगड वाहायला होते. गवंडी सिरोंच्याकडून आलेले तेलुगू, चुन्यात गूळ आणि बेलफळ घालून घोटायचे. तुळया बैलगाड्यांवर आल्या आणि हत्तीने ओढून चढवल्या. पुलाचा तिसरा खांब जरा तिरपा आहे. त्याचं कारण ते सांगायचे की नेमका त्याच दिवशी मुख्य गवंड्याच्या बायकोने अंबाडीची भाजी केली होती आणि तो दोरी न लावता जेवायला पळाला. पहिलं इंजिन पुलावर आलं तेव्हा साहेबाची मड्डम पुलाखाली खुर्ची टाकून चहा पीत बसली, नवऱ्याच्या कामावर भरवसा आहे हे दाखवायला. "आन् साहेब?" कुणी विचारलं की म्हणायचे, "साहेब दूर उभा होता."

गाडीत माणसं बसवायला बंदी होती, म्हणून सगळे लाकडांवर बसायचे. चढावर इंजिन दमायचं, मग बसलेल्यांनी उतरून ढकलायचं. एकदा वाघ लाईनवर बसला. ही गोष्ट मी अनेकदा ऐकली. कधी वाघ शिट्टी ऐकून उठायचा, कधी इंजिनाची ऊब घ्यायला जवळ यायचा, आणि एकदा तर ड्रायव्हरने त्याला हिरवा झेंडा दाखवला तेव्हाच तो गेला. सखुबाई म्हणायची, "पुढच्या वेळी वाघ दांडा मागन, पाहजो." गाडी उशिरा पोहोचली म्हणून साहेबाने कारण विचारलं आणि वाघाचं कारण मानलं नाही, ड्रायव्हरचा पगार कापला. हा भाग मात्र दर वेळी तोच असायचा, आणि दर वेळी त्यांना राग यायचा.

पुढे जवळचं सागवान सरलं, ट्रक आले, डांबराचे रस्ते आले. रूळ उखडून विकले. पूल अवघड जागी, काढायला खर्च फार, म्हणून राहिला.

आमच्या गावात आजही सांगतात ती लग्नाची गोष्ट लिहून ठेवते. तुळशीचं लग्न झाल्यावरचे दिवस. गावातल्या एका मुलाचं लग्न पलीकडच्या गावी होतं. सगळी वरात पुलावर. गार्डभाऊंनी सांगितलं, "नवरदेव शेवटी. साहेबाचा डबा नेहमी शेवटीच लागते." वऱ्हाड्यांना पानं दिली आणि शेवटच्या नवरदेवाच्या हातात दांडा. त्याच्या दुसऱ्या हातात रीतीप्रमाणे कट्यार, टोकाला लिंबू खोचलेलं. पलीकडे पोहोचला तेवढ्यात वाजंत्री सुरू झाली, करवल्यांनी ओढलं, पोरगा आधीच घाबरलेला. त्याने खुंटीला कट्यार अडकवली आणि दांडा घेऊन लग्नाला गेला.

थोड्या वेळाने मी टोपली घेऊन आले. पलीकडून एक माणूस ओरडत होता, "गार्डभाऊ, दांडा नाई. कट्यार हाये."

"कट्यारीवर गाडी येत नाई," गार्डभाऊ म्हणाले.

"मंग आनून द्या न दांडा."

आता गंमत अशी की दांड्याशिवाय ते स्वतःही पुलावर पाऊल टाकत नसत. त्यांनी बराच विचार केला. मग झेंडे झोपडीत ठेवले, कोट झटकला आणि नदीच्या काठाकाठाने खालच्या घाटाकडे निघाले, डोंग्याने पलीकडे जायला. पूल डोळ्यांसमोर असताना.

ते दिसेनासे झाले तरी आम्ही बसूनच. एक शिक्षक होते, त्यांना एसटी गाठायची होती. ते म्हणाले, "अहो, ते इथे नाहीत. पुलावर कोणी नाही. जाऊ या की."

सखुबाई म्हणाली, "जा न मास्तर. कोनं धरलं?"

मास्तर पुलापर्यंत गेले, फळीकडे बघितलं, पलीकडच्या माणसाकडे बघितलं. तोही तिकडे खाली बसला होता. मास्तर परत आले आणि म्हणाले, "पुढच्या गाडीने जाईन."

दुपार झाली. माझे मासे आता बाजार गाठणार नव्हते आणि सांजेपर्यंत टिकणारही नव्हते. मी टोपलीवरची ओली पानं पुन्हा पुन्हा बदलत होते, ते सखुबाईने पाहिलं. तिने तिथल्या तिथे सगळ्यांना मासे घ्यायला लावले. गार्डभाऊंच्या चुलीवर, गार्डभाऊंच्या मडक्यात रस्सा झाला. मास्तरांनी दोनदा घेतला.

दिवस मावळताना गार्डभाऊ दांडा हातात घेऊन पुलावरून आले, टोपीवर अक्षता.

"काय झालं गा?" सखुबाईने विचारलं.

"काय होईन. मी गेलो तं अंतरपाट धरून होता. पोट्टा दांडा घेऊन उभा. भटजी म्हने, हातातलं आता लगन लागेपर्यंत सोडाचं नाई. मंग मी बी उभा राह्यलो, त्याच्या मागं. लगन लागलं, जेवलो, दांडा घेतला." मग चुलीकडे बघून म्हणाले, "माझ्यासाठी ठेवला काय रस्सा?"

कट्यार त्यांनी हरवलेल्या मालात जमा केली. नवरदेव तिसऱ्या दिवशी न्यायला आला तर त्याला मुठीचा रंग विचारला, लिंबू कोणत्या बाजूला खोचलं होतं ते विचारलं, आणि मगच दिली. त्याची बायको माझी मैत्रीण झाली. तिला कुणी विचारलं की नवरा काय करतो, तर ती म्हणायची, "रेल्वेत होता एक दिवस."

आता भंगारवाल्याचं सांगते. कारण गार्डभाऊ म्हटलं की लोक हसतात आणि इथंच थांबतात.

मृगाच्या आधीचे दिवस होते. पलीकडच्या काठाला एक ट्रक येऊन उभा राहिला, त्यात गॅसची नळकांडी आणि मजूर. त्यांचा ठेकेदार चांगला जाडजूड माणूस. तो सरळ पुलावर चालत निघाला. त्याच वेळी गार्डभाऊ दांडा घेऊन इकडून निघालेले. मधोमध गाठ पडली. मी आणि इतर बायका इकडच्या काठावर.

"दांडा कुठी हाये?" गार्डभाऊ.

"कौनसा दांडा?"

"मंग मागं व्हा."

"बाबा, तुम दुबले हो, तुम पीछे जाओ. मुझसे मुडा नहीं जाता."

"दांडा माझ्यापाशी हाये. तुम्ही रिव्हर्स घ्या. मी शिट्टी देतो."

आणि खरंच तो माणूस उलट्या पावलांनी, दोन्ही हात पसरून, शिट्टीवर एकेक पाय मागे टाकत पलीकडे पोहोचला. आम्ही तोंडाला पदर लावून हसत होतो.

ते हसू तासभर टिकलं. मग तो दांडा घेऊन, नियमाने, इकडे आला आणि त्याने गावकऱ्यांपुढे कागद ठेवले. त्याने जुन्या लाईनचं उरलेलं सगळं लोखंड विकत घेतलं होतं. पूलही त्यातच. कागद खरे होते. मास्तरांनी वाचले आणि मान हलवली.

"मैं चोर नहीं हूँ," तो म्हणाला. "पैसा भरा है मैंने. कल से काटना शुरू."

पाऊस दोन आठवड्यांवर होता. पूल गेला की चार महिने बाजार नाही, दवाखाना नाही, पोरांची शाळा नाही. आमच्या तलावातले मासे आम्हीच खायचे आणि मीठ-तेल कशाने आणायचं ते आमचं आम्ही बघायचं. त्या वर्षी माझी मोठी मुलगी पोटात होती, श्रावणात दिवस भरणार होते. मी पुलाकडे बघितलं आणि बोटांवर महिने मोजले.

माणूस वाईट नव्हता. सगळ्यांची तोंडं बघून म्हणाला की या पुलाच्या लोखंडाला मी जे धरलं तेवढे द्या, वर एक दिवसाची मजुरी आणि ट्रकचं भाडं द्या, मी हात लावत नाही. आकडा सांगितला. त्या काळी तेवढ्यात चांगल्या बैलांच्या चार जोड्या आल्या असत्या. पेरणीच्या तोंडावर गावात बियाण्याला पैसा नव्हता. माणसं पांगली.

सकाळी गार्डभाऊंनी ठेकेदाराला झोपडीत बोलावलं आणि कोटाच्या आतून कापडात बांधलेल्या नोटा काढल्या. त्यांचा फंड. आदल्या दुपारीच एसटीने जाऊन त्यांनी तो पोस्टातून काढून आणला होता. ठेकेदाराने मोजल्या, एक नोट परत केली. "बाबा, चाय पी लेना."

"लाईनवर बक्षीस चालत नाई," म्हणून त्यांनी ती त्याच्या खिशात घातली.

ट्रक गेला. मास्तर म्हणाले, "गार्डभाऊ, आता पूल तुमचा झाला. तुम्ही मालक."

ते घाबरलेच. "नाई बाप्पा. मालक झालो तं पहारा कोन करन? मालक कुठी पहारा करते? पूल गावाचा. गावानं माझे पैसे द्याचे. सवडीनं द्या, पण पूर्ण द्या. थे माझे नाईत."

ते कुणाचे आहेत हे दिवाळीला कळलं. मुलाने बल्लारपुरात जागा बघितली होती, दोन खोल्या बांधायच्या होत्या. फंडाचे पैसे दिवाळीला देतो असा बापाने शब्द दिला होता.

तो आला त्या दिवशी मी बाजारातून परतत होते. पलीकडच्या टोकाला पोहोचले तर खुंटी रिकामी, दांडा गावच्या बाजूला. मुलगा खुंटीखाली उभा, हातात पिशवी. इकडून गार्डभाऊंनी हाक दिली, "कोणती गाडी?"

मुलगा बोलेना.

मला त्याचं फार वाईट वाटलं. तसं उभं राहणं काय असतं ते मला माहीत होतं. मी हळूच म्हटलं, "भाऊ, काई तरी सांगा. नाई तं ते सोडत नाई."

"माझ्या बापाले मी माझी गाडी सांगू?" तो म्हणाला. मग नदीवरून ओरडला, "माझं घर पुलात टाकलं तुम्ही."

"पैशाची गाडी लेट हाये," गार्डभाऊंनी ओरडून सांगितलं. "येईन."

मुलगा वळला आणि एसटीकडे चालू लागला. गार्डभाऊ दांडा घेऊन स्वतः आले, तोवर तो दिसेनासा झाला होता. त्यांनी मला गाडीसुद्धा विचारली नाही. नुसते मागे मागे आले. त्यानंतर मुलाचं येणं बंद झालं.

हे मी घरी सांगितलं. आमच्या ह्यांनी सोसायटीत सांगितलं, सखुबाईने तलावावर धुणं धुताना सगळ्या बायकांना सांगितलं. ती म्हणाली, "पोट्टीची माय मेल होऊन पुलावरून दवाखान्यात गेली, ते याच्या पैशावरून गेली." म्हणजे मी. मी मान खाली घातली.

पुलावर पैसे घ्यायला गार्डभाऊ तयार नव्हते. "पैसे टीसी घेते, मी टीसी नाई." म्हणून बायकांनी ठरवलं की तेंदूपत्त्याच्या हंगामात दर घरचा एक दिवसाचा पत्ता पुलाच्या नावाने तोडायचा. पहिल्या दिवशी पानांचे पुडे घेऊन आम्ही फळीवर, म्हणजे पत्ता मोजून घेतात त्या जागी गेलो, तर हिशेब लिहिणाऱ्या दिवाणजीने विचारलं, "हे पुडे कोणाच्या नावावर?" सगळ्या जणींनी मला पुढे ढकललं. मला अक्षर येतं म्हणून. जशी काय मी बोलूनच लिहिते.

"पूल," मी म्हटलं.

"नाव विचारलं बाई."

"पूलच."

"बापाचं नाव?"

मागून सखुबाई म्हणाली, "लिही काई बी. साहेब होता कोनी तरी." फळीवरचे सगळे हसले आणि दिवाणजीने पूल असं नाव लिहिलं. पगाराच्या दिवशी तो ओरडला, "पूल कोण आहे? पुढे या." आणि मी गेले. भरल्या फळीसमोर मी एकटी पुढे गेले, यावर आमच्या घरात कुणाचा विश्वास बसला नाही.

गार्डभाऊ हप्त्याने घ्यायला तयार नव्हते. "अर्धी भरलेली गाडी मी उतरवून घेत नाई." म्हणून पैसे सोसायटीच्या कपाटात साठत राहिले. एका वर्षी गारपिटीने पत्ता फाटला, तेव्हा तलावाची एक अख्खी ओढणी, म्हणजे एका वेळी जाळ्यात आले ते सगळे मासे, पुलाच्या नावावर केली. तिसऱ्या हंगामाला रक्कम भरली.

गोंडपिपरीच्या एसटीच्या कंडक्टरकडून बल्लारपूरला निरोप गेला. मुलगा आला, सोबत बायको आणि कडेवर लेकरू. मोहाखाली सगळं गाव बसलेलं. आमच्या ह्यांनी पैशाचं गाठोडं गार्डभाऊंपुढे ठेवलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही. मुलालाही देऊ दिलं नाही.

"सुनेजवळ द्या," ते म्हणाले. "ड्रायव्हर नुसता समोर पायते. माल किती हाये थे गार्डले माहीत राह्यते."

सुनेने लेकरू माझ्याकडे दिलं, मांडी घातली, आणि बोट ओलं करून नोटा मोजल्या. त्यांत चिल्लर फार होती. ती तिने वेगळी मोजली. मग सगळं पुन्हा एकदा मोजलं. मुलगा नदीकडे बघत होता.

"मामाजी," ती म्हणाली, "पूर्ण हायेत."

मुलाने मान वळवली. तीन वर्षांत बापाशी तो पहिल्यांदा बोलला. "आन् ब्याज, बाबा?"

"थांब जरा," गार्डभाऊ म्हणाले. "ब्याज चुलीवर हाये, मासे शिजून राह्यले."

सुनेने नोटा पदरात बांधल्या, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि माझ्याकडून लेकरू घेतलं. गावाचं देणं त्या दिवशी फिटलं, शेवटच्या पैशापर्यंत.